वारं लागू नये म्हणून

दिल्लीत माझं बाळंतपण झालं ते ऐन थंडीत, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून माझं डोकं जे दुखायला लागलं ते काही केल्या राहीना. आई म्हणाली, वारं लागलं. नवरा म्हणाला, झोप पुरत नाहीये. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं होतं, आराम करा. आराम तर मी करतच होते. दुसरं काही करायची मला परवानगीच कुठे होती?

आई मिरजेहून आली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे बाळंतपण करायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिने ते अंगावर घेतलं ते असं, की दिल्लीला एकदा बाळंतपण म्हणजे काय ते दाखवूनच जायचं. पिशव्यांत ओवा, बाळंतशेपा, डिंक, आळीव, वेखंड, आणि सगळ्यांत खाली जुन्या साडीत गुंडाळलेली लोखंडी शेगडी. "एवढं ओझं आणलंस कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "रेल्वेनं आलेय मी. डोक्यावर नाही आणलं."

नवरा दिल्लीतच जन्मलेला. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला, वडील केंद्र सरकारात होते, आता तोही आहे. त्याचं मराठी फक्त घरातलं, त्यामुळे बरेच शब्द त्याच्याकडे पोचलेच नाहीत. शेगडी बघून तो म्हणाला, "अच्छा, अंगीठी!" आईने त्याला बाज आणायला सांगितली. बाज म्हणजे काय हे समजावण्यात सकाळ गेली, मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "चारपाई! यार, आधी सांगायचं ना," असं मला म्हणून तो गेला आणि संध्याकाळी नवारीची खाट घेऊन आला. आई खूश झाली. पलंगाखाली शेगडी ठेवता येत नाही, खाटेखाली येते.

आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला आंघोळीनंतर शेक देतात. खाटेखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा नि बाळंतशेपा, अंगावर पांघरूण, कानाला घट्ट फडकं आणि दारं-खिडक्या बंद. वारं लागलं की बाई जन्मभर कंबर धरून बसते, हे आई इतक्यांदा सांगायची की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मिरजेला आमच्या घरावर कौलं होती. तिथे सगळी दारं लावली तरी कुठल्या ना कुठल्या फटीतून मांजर ये-जा करायचंच.

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटला फट म्हणून राहिली नव्हती. नवऱ्याने ठेवली नव्हती. तो सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर हवेचा आकडा बघणारा माणूस. दिवाळीनंतर आकडा चढायला लागला तसा त्याने खिडक्यांच्या कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या, खोलीच्या बाल्कनीचं दार चारी बाजूंनी टेपने बंद केलं, आतल्या दाराखाली कापडाची गुंडाळी सरकवली आणि कोपऱ्यात एअर प्युरिफायर आणून ठेवला. हवा घाण असली की त्याचा दिवा लाल, साफ झाली की हिरवा. एरवी आईला जावयाची कुठली गोष्ट पटेल तर शपथ, पण खिडक्या बंद ठेवण्याच्या बाबतीत दोघांचं असं काही एकमत झालं की मी बघतच राहिले. तिला वाऱ्याची भीती, त्याला हवेची. मधे मी आणि माझी मुलगी.

आई निष्काळजी नव्हती, हे मला कुणी कितीही वेळा विचारलं तरी सांगायचं आहे. शेगडी ती स्वयंपाकघराच्या बाल्कनीत पेटवायची. पदराने वारा घालत बसायची, धूर पूर्ण जाऊन कोळसे लालबुंद झाले की मगच उचलून आत आणायची. ओवा टाकला की थोडा धूर व्हायचा, प्युरिफायर लाल होऊन घरघरायला लागायचा आणि बघता बघता दिवा हिरवा. सुट्टीच्या दिवशी घरी असला की नवरा म्हणायचा, "बघा आई, हवा बिल्कुल साफ." आईसुद्धा त्या दिव्याकडे कौतुकाने बघायची. शेक संपला तरी शेगडी बाहेर जायची नाही. त्या थंडीत लंगोट नि दुपटी वाळायची नाहीत, म्हणून आई ती खाटेवर पसरून उरलेल्या निखाऱ्यांवर सुकवत बसायची, दार लावून, मांडीवर बाळाला घेऊन.

डोकं दुखायचं ते दोन्ही कानशिलांत. कुणीतरी ओलं फडकं बांधून पिळतंय असं. मग मळमळ. डिंकाचा लाडू पोटात ठरायचा नाही. उठून उभी राहिले की गुडघे माझे नसल्यासारखे. मी तक्रार केली की आई कानावरचं फडकं आणखी आवळायची आणि शेगडीत आणखी कोळसे घालायची. माझी तक्रार वाढली की कोळसे वाढायचे. नवऱ्याने कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटातून शोधून काढलं, माझ्या बोटाला लावलं आणि आकडा मला दाखवला. अठ्ठ्याण्णव. "नॉर्मल आहे ना यार," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असं हायसं वाटलेलं दिसलं की पुढे बोलायला मला लाज वाटली.

बाळ रडायचं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, किती गुणाची पोर आहे, बाकीची बाळं घर डोक्यावर घेतात. पण तिला पाजायला घेतलं की दोन घोट घ्यायची आणि मान टाकायची. तळपायाला टिचक्या मारून मारून मी तिला जागी करायचे. "आई, ही पीत नाहीये गं," मी म्हणायचे. आई म्हणायची, "झोपाळू आहे. तूही अशीच होतीस."

मग बाळाचं वजन दाखवायला दवाखान्यात जायचा दिवस आला. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा म्हणजे आईच्या दृष्टीने अनर्थच, पण नवऱ्याने टॅक्सी बोलावलीच. खाली येताना मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. टॅक्सीत मागच्या खिडकीची काच वर होत नव्हती, बिघडलेली होती. नवरा ड्रायव्हरवर चिडला, बाळाच्या नाकाला रुमाल लावून बसला. दिल्लीची ती घाणेरडी, करपट, थंड हवा माझ्या तोंडावर येत राहिली आणि दवाखान्याच्या रांगेत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं डोकं दुखत नाहीये. मला भूक लागली होती. मी कॅन्टीनचे दोन ब्रेड पकोडे खाल्ले. आणि माझी पोर रडली! अशी रडली की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. पाजायला घेतलं तर सोडेना. मी वेड्यासारखी हसत होते आणि नवरा म्हणाला, "बघ, बाहेर पडलीस तर फ्रेश वाटलं."

घरी आलो तर आईने खोली गरम करून ठेवली होती. बाहेरून आलेली बाळंतीण म्हणून नेहमीपेक्षा जास्तच. दिवे लागायच्या आत माझं डोकं पुन्हा धरलं आणि पोरीने मान टाकली.

त्या दिवसानंतर मी भीक मागितली, दुसरा शब्द नाही. मला त्या खोलीत ठेवू नका. मी बाहेर सोफ्यावर झोपते, स्वयंपाकघरात झोपते, कुठेही. तिथे काहीतरी आहे. काय आहे, ते मला सांगता येत नव्हतं आणि तेच माझ्या मुळावर आलं. वास नाही, धूर नाही, दिवा हिरवा, आकडा अठ्ठ्याण्णव. ओरडणारी मी एकटी. आई घाबरून दृष्ट काढायला लागली. नवरा दाराआड फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता, आणि बाळंतपणानंतर बायकांना येणाऱ्या नैराश्यावर काय काय वाचत होता ते मला त्याच्या मोबाइलवर दिसलं. तो वाईट माणूस नाही. माझ्या शेजारी बसून, माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "अगं, हे ट्रीट होतं. आपण कुणालातरी दाखवू." मी त्याचा हात झटकला. माझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर विझत चालली होती आणि हा मला मनाच्या डॉक्टरकडे नेणार होता. त्या घरात माझं खरं मानणारं एकही माणूस नव्हतं, आणि हळूहळू मीही माझं खरं मानेनाशी झाले.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी धुकं एवढं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. नवरा मेट्रो गाठायला लवकर गेला. माझी रात्र वाईट गेली होती म्हणून आईने शेगडी काठोकाठ भरली. आंघोळी झाल्या. मी खाटेवर, पांघरुणात, कान बांधलेले. आई पाटावर बसून बाळाला पायांवर घेऊन पावडर लावत काहीतरी गुणगुणत होती. तिची जुनी सवय ती, शब्द नसलेलं नुसतंच गुणगुणणं. मी डोळे मिटून ते ऐकत होते. मग ते थांबलं.

थांबलं हे कळायलाही मला वेळ लागला. डोळे उघडले तर आईची हनुवटी छातीला टेकलेली, पाठ भिंतीला, हात दोन्हीकडे सुटलेले. बाळ तिच्या पायांवरून घसरून गुडघ्यांच्या खाली आलेलं. पावडरचा डबा उलटा. "आई," मी म्हटलं. "आई गं!" तिने मान वर केली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात, त्या पिळवटलेल्या डोक्यात, एकच विचार आला आणि तो आयुष्यात मला आलेला सगळ्यांत शहाणा विचार असेल. वारं लागतं ते बाळंतिणीला. मग आईला काय झालं?

खोली. ही खोलीच आहे. कोपऱ्यात प्युरिफायर हिरवा दिवा लावून शांत बसला होता.

मी खाटेवरून उतरले म्हणता येणार नाही, पडले. पाय हलत नव्हते. हातांवर सरपटत गेले. बाळाला ओढून छातीशी घेतलं, ती गरम होती आणि अगदी सैल होती. दुसऱ्या हाताने मी आईचा दंड धरला आणि ओढलं. ती हलली नाही. पुन्हा ओढलं. ती तिरकी होऊन जमिनीवर कलंडली, डोकं फरशीवर आपटलं, तरी तिने डोळे उघडले नाहीत. माझी आई काही फार मोठी बाई नाही. एरवी मी तिला उचलून फिरवलं असतं. त्या वेळी माझ्यात एकाच माणसाला नेण्याइतका जीव होता, तोसुद्धा ते माणूस वीतभर असलं तरच.

मी तिचा दंड सोडला. माझ्या बोटांना तो सुटल्याचं अजून आठवतं. मी देवाला शिव्या दिल्या, नवऱ्याला दिल्या, आईला दिल्या, आणि बाळाला घेऊन दाराकडे सरपटत गेले. दाराखालची कापडाची गुंडाळी अडकली. ती उपसून काढायला मला दातांचा उपयोग करावा लागला. हॉल ओलांडला, पुढचं दार उघडलं आणि जिन्याच्या गार फरशीवर बाळाला ठेवून मी समोरच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले.

समोर एक पंजाबी आंटी राहतात. दार उघडून त्यांनी मला गाऊनमध्ये, कान बांधलेली, जमिनीवर पडलेली बघितलं आणि किंचाळल्या, "हाय रब्बा, क्या हुआ?" मी म्हटलं, "अंदर मम्मी है। अंगीठी है। खिड़की तोड़ दो।" तेवढंच जमलं. त्या आत धावल्या, काच फुटल्याचा आवाज आला, मग त्या आईचे दोन्ही पाय धरून तिला ओढत बाहेर येताना दिसल्या. मी बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होते. टिचकी, टिचकी, टिचकी. ती रडत नव्हती.

दवाखान्यात पोचलो कसे, ते आंटींनाच ठाऊक. मला आठवते ती इमर्जन्सीमधली तरुण डॉक्टर. नर्सने माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि आकडा पुन्हा चांगला आला तेव्हा मी हंबरडा फोडला, की आता इथेही कुणी माझं ऐकणार नाही. पण ती डॉक्टर त्या आकड्याकडे बघतच नव्हती. तिने विचारलं, "कमरे में कोयला जल रहा था? खिड़की बंद थी?" मी मान डोलावली. मग तिने विचारलं, "घर में सरदर्द सिर्फ आपको था या किसी और को भी?" मी ठामपणे सांगितलं, "सिर्फ मुझे. मम्मी तो बिल्कुल ठीक थीं।" तिने तिघींच्या नाकावर ऑक्सिजन लावायला सांगितला, रक्त घेतलं आणि मला थोडक्यात समजावलं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो, आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला त्या दोघांतला फरक कळतच नाही. धूर गेलेला लाल निखारा सुरक्षित वाटतो, पण तो तसा नसतो.

नवरा ऑफिसातून धावत आला. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा पुन्हा एकच बोलत राहिला, "पण दिवा ग्रीन होता. मी रोज बघायचो. ग्रीन होता." शेवटी त्या डॉक्टरने त्याला सांगितलं की ते यंत्र धूळ मोजतं, हा गॅस नाही. तो खाली बसला, तिथेच, फरशीवर, ऑफिसच्या कपड्यांत.

मुलीला लहान मुलांच्या वॉर्डात नेलं होतं. मला उठू देत नव्हते. माझ्या शेजारच्या पलंगावर आई, बेशुद्ध. इकडे आई, तिकडे पोर, आणि मधे मी नळी लावून पडलेली. मी आईला सोडून आले होते आणि जिच्यासाठी सोडलं तीही हातची जातेय की काय, हे कळायला मार्ग नव्हता. छतावरच्या पंख्याकडे बघत मी नवस बोलले, मग मोडले, मग दुसरे बोलले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. त्याने तो बाळाच्या तोंडाशी धरला असावा. पलीकडून माझी मुलगी रडत होती, चिडून, कर्कश, पोटात भूक असलेल्या बाळासारखी. मी तो फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला.

आता आमच्या खोलीच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. थंडीत खिडकी बोटभर उघडी असते, बाहेरचा आकडा काहीही असो. ओळखीत कुणी बाळंतीण असली, किंवा कुणी खोलीत शेगडी, हीटर, काहीही पेटवून दार लावून बसत असलं, तर मी न बोलावता जाते. घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं आणि परत आल्यावर दुखतं, एका खोलीतल्या दोघांना एकच दुखणं आहे, असं असेल तर डॉक्टरला फोन नंतर करा, आधी सगळे बाहेर पडा, असं सांगते. लोकांना वाटतं, बाई जरा विक्षिप्त आहे. वाटू दे.

पण हे सगळं नंतरचं. आई शुद्धीवर आली ती मुलीचा आवाज ऐकल्यानंतर काही वेळाने, उन्हं खिडकीत असताना. आधी तिला कुठे आहोत ते कळेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच बाळाचं विचारलं. मी म्हटलं, "बरी आहे. रडतेय." तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ती डॉक्टर फेरीला आली. आईच्या उशाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "माताजी, अब सरदर्द कैसा है?"

आईने मास्क जरा बाजूला केला. "आज कम है," ती आपल्या मिरजेच्या हिंदीत म्हणाली. "पहले दिन से था, उससे तो बहुत कम है."

मला वाटलं, तिला भ्रम झालाय. "कुठल्या पहिल्या दिवसापासून, आई?"

"शेगडी पेटवली त्या दिवसापासून," आई म्हणाली. "डोकं उठायचं नुसतं. दोन-तीनदा उलट्याही झाल्या, बाथरूमचा नळ सोडून. म्हटलं, वय झालं, परक्या गावचं पाणी."

"अगं मग मला सांगितलं का नाहीस? मी रोज तुझ्यासमोर डोकं धरून बसत होते!"

"सांगितलं असतं तर तू मला झोपवलं असतंस," आई म्हणाली. "मग तुझा शेक कुणी केला असता?"

डॉक्टरला मराठी येत नव्हतं, ती माझ्याकडे बघत उभी होती. आई आणखी काहीतरी बोलायला लागली. मला तिचा इतका राग आला होता, इतका की मला रडताही येईना. मी माझी नळी ताणून तिच्या पलंगापर्यंत हात नेला, तिचा मास्क नाकातोंडावर बसवला आणि तळव्याने दाबून धरला.